अतिमानव आणि सामान्य माणूस

बलाढ्य पुरुषाने आपले बळ झाकून चारचौघांत वावरावे, ही कल्पना आपणांस नवी नाही. विराटाच्या पाकशाळेत भीमसेन वर्षभर बल्लव होऊन राहिला, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. परंतु सामान्य घरातल्या माणसाच्या अंगी अकस्मात असे बळ आले, तर त्याने त्याचे करावे काय? विसाव्या शतकात अमेरिकेतील लेखकांना हा प्रश्न पडला आणि १९३० ते १९३८ या काळात त्याची तीन निरनिराळी उत्तरे पुढे आली.

पहिले उत्तर फिलिप वायली यांच्या 'ग्लॅडिएटर' या १९३० सालच्या कादंबरीत आहे. कोलोरॅडोतील एका लहानशा गावचा जीवशास्त्राचा प्राध्यापक आपल्या गर्भवती पत्नीला एक द्रव्य टोचतो. मुंगीला किंवा टोळाला आकारमानाच्या प्रमाणात जे बळ असते, तसे मनुष्यास लाभावे, हा त्याचा हेतू. पुत्र ह्यूगो जन्मतःच विलक्षण बलवान निघतो. 'बळ झाकून ठेव' हाच त्याच्यावर झालेला पहिला संस्कार. महाविद्यालयात फुटबॉल खेळताना त्याच्या हातून एका खेळाडूचा मृत्यू होतो. पहिल्या महायुद्धात तो फ्रेंचांच्या बाजूने लढतो. पण एकट्याच्या पराक्रमाने युद्ध थांबत नाही. पुढे बँकेच्या तिजोरीच्या खोलीत अडकलेल्या माणसाला तो वाचवितो, तेव्हा त्याच्या वाट्याला आभाराऐवजी संशय येतो. अखेर एका पर्वतावर परमेश्वराला जाब विचारीत असतानाच वीज पडून त्याचा अंत होतो. वायलींचे उत्तर असे निराशेचे आहे: या जगात अशा माणसाला जागा नाही.

दुसरे उत्तर क्लीव्हलंड शहरातील दोन शाळकरी मित्रांचे. जेरी सीगेल कथा लिही, जो शुस्टर चित्रे काढी. जानेवारी १९३३ मध्ये आपल्या चक्रमुद्रित मासिकात त्यांनी एका बेकाराची कथा छापली. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे चौथा हिस्सा कामकरी बेकार होते. मोफत भाकरीसाठी रांगेत उभा असलेल्या बिल डन या कंगालाला एक शास्त्रज्ञ गाठतो आणि त्याच्यावर औषधाचा प्रयोग करतो. डनला परचित्तज्ञान प्राप्त होते आणि त्याबरोबर जगावर सत्ता गाजविण्याची हाव सुटते. औषधाचा अंमल ओसरतो आणि तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. भुकेल्या माणसाला सामर्थ्य मिळाले, तरी तेवढ्याने शहाणपण येत नाही, हे या कथेचे सार.

तिसरे उत्तर जगाने उचलून धरले. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात याच दोघांचा 'सुपरमॅन' अवतरला. त्यातही मुंगी आणि टोळ यांचे दाखले आहेत. वायलींचे ऋण किती, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. परंतु भेद महत्त्वाचा आहे. ह्यूगोला जगण्यासाठी दुसरे रूप नव्हते. सुपरमॅनला क्लार्क केंट हा चष्मा लावणारा, भिडस्त वार्ताहर लाभला. त्या नोकरीमुळे लोकांची दुःखे रोज त्याच्या कानी पडत, आणि करण्यासारखी कामे त्यास तेथेच सापडत. निरपराध स्त्रीची फाशी टाळणे, पत्नीला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकविणे, ही त्या पहिल्या कथेतील त्याची कामे. ह्यूगोने युद्ध थांबवू पाहिले. सुपरमॅनने शेजाऱ्याच्या दारापासून आरंभ केला.

या इतिहासाचा शेवट मात्र कथेसारखा झाला नाही. सुपरमॅनचे सर्व हक्क या दोघा तरुणांनी १९३८ मध्ये १३० डॉलरांना लिहून दिले. प्रकाशकाला त्यातून अमाप धन मिळाले. हक्कांसाठी त्यांनी न्यायालयात दाद मागितली, पण सुपरमॅन त्यांना परत मिळाला नाही. १९७५ मध्ये, त्यांनी साठी ओलांडल्यावर, लोकमताच्या दडपणाने त्यांना वार्षिक वेतन मंजूर झाले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. दुबळ्यांच्या कैवाऱ्याला जन्म देणारे हे दोघे एका कागदावरील सहीपुढे दुबळे ठरले होते. त्यांच्या मदतीला कोणी उडत आले नाही. आले ते सहव्यवसायी चित्रकार, वार्ताहर आणि वाचक: सारी क्लार्क केंटच्याच जातकुळीची माणसे.