भिंतीतला पाइप आणि अडलेली बाकी

घर बांधून झालं, राहायला गेलो, आणि मग कळलं की एक वस्तू ठरल्याप्रमाणे बसवलेली नाही. गवंड्याचे किती पैसे कापायचे? आमच्या गटात यावरून बरीच वादावादी झाली, म्हणून आज कोर्टातल्या दोन जुन्या गोष्टी सांगतो.

पहिली जहाजाची आहे. कटर नावाचा माणूस जमैकाहून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर कामाला लागला. लिव्हरपूलपर्यंत काम केलंस तर ३० गिनी, असं लिहून दिलेलं. २ ऑगस्ट १७९३ ला जहाज निघालं. २० सप्टेंबरला तो वाटेतच वारला. जहाज ९ ऑक्टोबरला बंदराला लागलं. म्हणजे कमी पडले १९ दिवस! त्याच्या विधवेने केलेल्या कामापुरते तरी पैसे मागितले. १७९५ साली कोर्टाने सांगितलं, करार पूर्ण प्रवासाचा होता, दमडी मिळणार नाही. नेहमीच्या पगारापेक्षा रक्कम पुष्कळ मोठी होती, म्हणजे जोखीम त्याचीच, असा न्यायाधीशांचा हिशेब. आम्हाला तो आजही पटत नाही.

‘पुरं नाही तर काहीच नाही’ हा नियम घर बांधणाऱ्यांनाही छळायचा. दुसरी गोष्ट त्यांचीच, अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची. केंट यांनी ७७,००० डॉलरहून जास्त खर्चून घर बांधून घेतलं. पाइप रेडिंग कंपनीचेच हवेत, असं करारात होतं. जून १९१४ मध्ये ते राहायला गेले. पुढच्या मार्चमध्ये कळलं, काही पाइप दुसऱ्याच कंपन्यांचे आहेत. ठेकेदाराने मुद्दाम केलं नव्हतं, मालही तितकाच चांगला. पण पाइप भिंतीत गाडलेले. बदलायचे तर चांगल्या भिंती फोडायच्या. केंट यांनी सुमारे ३,४८३ डॉलरची बाकी अडवली.

१९२१ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल दिला: चूक किरकोळ आणि अजाणता असेल, तर पाडून बांधण्याचा खर्च कापायचा नाही, घराची किंमत जेवढी घटली तेवढाच कापायचा. इथे ती जवळजवळ घटलीच नव्हती. ठेकेदाराला बाकी मिळाली. मात्र जाणूनबुजून फसवणाऱ्याला ही सवलत नाही, हेही त्यांनी बजावलं.

निकाल चार विरुद्ध तीन असा निसटता होता. विरोधातले न्यायाधीश म्हणाले, पैसे मालकाचे, त्याला तोच पाइप हवा होता, कारण विचारणारे आपण कोण? आमच्यातल्या निम्म्या जणी अजून त्यांच्याच बाजूने भांडतात.