जाहिरातीवरील टिचकीचे मोल

संकेतस्थळ उभारणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. ते चालवण्याचा खर्च भागवणे मात्र अवघड आहे. महाजालावरील मजकुरासाठी वाचक सहसा पैसे मोजत नाही. त्यामुळे पाककृती, गिर्यारोहण वा अर्थनियोजन अशा विषयांना वाहिलेल्या लहान संकेतस्थळांचा भार बहुतांशी जाहिरातींवरच पडतो. जाहिराती लावल्यानंतर पहिल्या महिन्याची रक्कम पाहून अनेकांचा हिरमोड होतो आणि टिचक्या वाढवण्याच्या युक्त्यांचा शोध सुरू होतो. त्यांतील काही युक्त्या उपयोगी असतात, तर काहींमुळे खातेच बंद पडण्याची वेळ येते.

जाहिरात शंभर वेळा दाखवली गेली आणि तिच्यावर एकदा टिचकी पडली, तर 'क्लिक-थ्रू रेट' एक टक्का झाला. केवळ उदाहरण म्हणून, महिन्यात वीस हजार वेळा दिसलेल्या जाहिरातीवर अर्धा टक्का दराने शंभर टिचक्या पडतात. प्रत्येक टिचकीमागे चार रुपये मिळाले, तर मिळकत चारशे रुपये. म्हणजेच ती वाढवण्याचे मार्ग तीन : वाचक वाढवणे, टिचक्यांचे प्रमाण वाढवणे आणि प्रत्येक टिचकीची किंमत वाढवणे. बहुतेक संकेतस्थळचालक दुसऱ्या मार्गाच्या मागे लागतात. खरी मेख तिसऱ्यात आहे.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. त्यांतील 'एटी अँड टी' या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीवर पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी टिचकी मारली, असे सांगितले जाते. तेव्हा हा प्रकारच नवा होता. नवलाई ओसरली आणि पानाच्या माथ्यावरील रंगीत पट्टी न पाहता पुढे जाण्याची सवय वाचकाच्या डोळ्यांना लागली. १९९८मध्ये संशोधकांनी या सवयीला 'बॅनर ब्लाइंडनेस' असे नाव दिले. आज पट्टीवजा जाहिरातींवरील टिचक्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे एक टक्क्याच्याही खूप खाली असते.

'गूगल'ने २००३मध्ये 'अॅडसेन्स' सुरू केले आणि लहान संकेतस्थळांना जाहिरातदाराचे दार न ठोठावता उत्पन्न मिळू लागले. पानावरील मजकूर यंत्र वाचते आणि त्याला साजेशी जाहिरात लावते, अशी ही व्यवस्था. मराठी संकेतस्थळांना तिचा लाभ उशिरा मिळाला. हिंदीला अधिकृत मान्यता मिळाली ती २०१४च्या डिसेंबरात. मराठीला तर आणखी काही वर्षे थांबावे लागले.

त्या पहिल्या काही वर्षांत टिचक्या वाढवण्याचा रूढ उपाय म्हणजे जाहिरात मजकुरात बेमालूम मिसळून टाकणे. तिचे अक्षर व पार्श्वभूमी पानाच्या रंगाची करायची, चौकट काढून टाकायची आणि दुव्यांच्या यादीशेजारी ती बसवायची. काहींनी प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर एकेक छायाचित्र असे मांडले, की ते जाहिरातीचाच भाग वाटावे. प्रमाण खरोखरच वाढत असे. छायाचित्रांच्या त्या युक्तीला 'गूगल'ने २००६च्या डिसेंबरात स्पष्ट मनाई केली. पण तिचा फोलपणा त्याआधीच उघड झाला होता. टिचकीनंतर विक्री वा चौकशी होण्याची शक्यता कमी दिसली, तर जाहिरातदाराकडून कमी आकार घेण्याची पद्धत २००४मध्येच लागू झाली होती. फसून आलेला माणूस पुढच्याच क्षणी माघारी फिरतो आणि जाहिरातदाराच्या हाती काही लागत नाही. मग टिचक्या दुप्पट होऊनही दर निम्म्यावर येतो आणि हाती उरते ते वैतागलेल्या वाचकाचे पाठ फिरवणे.

स्वतःच्याच जाहिरातीवर टिचक्या मारणे, मित्रमंडळींना तसे सांगणे किंवा 'आम्हाला मदत करा' म्हणत वाचकांना जाहिरातीकडे वळवणे, या गोष्टींना तर नियमांतच बंदी आहे. अशा टिचक्या ओळखल्या जातात, त्यांचे पैसे वळते केले जातात आणि खाते गोठले की साठलेली रक्कमही हातची जाऊ शकते. अनेक होतकरू संकेतस्थळांचा शेवट याच मोहापायी होतो.

दर ठरतो तो वाचक कोणत्या हेतूने आला आहे यावर. पुरणपोळीची कृती शोधणाऱ्याला लगेच काही विकत घ्यायचेच असते असे नाही. गृहकर्जाच्या व्याजाची तुलना करणारा मात्र निर्णयाच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याच्यासाठी बँका अधिक बोली लावतात. याचा अर्थ पाककृती सोडून कर्जांवर लिहावे असा नव्हे, कारण आवड व माहिती नसलेल्या विषयावरचे लेखन वाचकाच्या लगेच लक्षात येते. पण स्वयंपाकाच्याच संकेतस्थळावर मिक्सर किंवा ओव्हन निवडताना काय पाहावे, याविषयी नेटका लेख असेल, तर त्या पानाला चांगला दर मिळण्याची शक्यता वाढते.

२०२४च्या सुरुवातीपासून 'अॅडसेन्स'ने टिचकीऐवजी जाहिरात दाखवली जाण्यावर मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली. टिचकीचे महत्त्व संपले असे मात्र नाही. टिचकी व त्यातून होणारी विक्री यांचा अंदाज बांधूनच बोली लावली जाते. आता जाहिरात खरोखर दिसली का, या प्रश्नाला अधिक वजन आले आहे. प्रचलित मोजणीनुसार बॅनरचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर असला, तरच ती 'दिसली' असे धरतात. पान उघडायला वेळ लागला, तर वाचक तोवर खाली सरकलेला किंवा निघूनच गेलेला असतो. म्हणून जड छायाचित्रे हलकी करणे हा जाहिरातीची जागा बदलण्याइतकाच परिणामकारक उपाय ठरतो. बहुतेक वाचक मोबाइलवर असल्याने लेखाच्या पहिल्या एक-दोन परिच्छेदांनंतरची जागा बहुधा लाभदायक असते. जाहिरातींची गर्दी मात्र अंगाशी येते. मजकूर झाकणाऱ्या, आपोआप आवाज करणाऱ्या वा पडद्याचा मोठा भाग व्यापणाऱ्या जाहिराती सातत्याने लावणाऱ्या संकेतस्थळांवरील सर्वच जाहिराती 'क्रोम' ब्राउझर रोखतो. २०१८मध्ये अमेरिका व युरोपात सुरू झालेले हे धोरण २०१९मध्ये जगभर लागू झाले.

बदल एका वेळी एकच करावा आणि निकालाची घाई करू नये. महिन्याला शंभर टिचक्या मिळणाऱ्या संकेतस्थळावर पुढच्या महिन्यात एकशे पंधरा पडल्या, तर तो नव्या मांडणीचा प्रताप असेलच असे नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शिवाय दिवाळीपूर्वी जाहिरातदारांचा हात सैल असतो आणि जानेवारीत आखडतो. तुलना करायचीच तर ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

खात्यात दहा डॉलर जमले, की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन क्रमांक पाठवला जातो. तो नोंदवला नाही तर पैसे अडकतात. प्रत्यक्ष रक्कम शंभर डॉलरचा टप्पा ओलांडल्यावर, पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान बँकेकडे रवाना होते. चारशे रुपयांच्या त्या उदाहरणातील संकेतस्थळाला त्यासाठी वर्षभराहून अधिक काळ वाट पाहावी लागेल.