कॅरॅक्टर कोणाचं, नाव कोणाचं?

पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचे करार करून देणं हे माझं काम. आधार, पॅन, फोटो, अंगठा, पोलीस ठाण्यातली नोंद. राहणाऱ्याने स्वतःची सगळी कुंडली मालकाच्या हवाली करायची आणि बदल्यात मिळते ती फक्त वापराची परवानगी. ऑनलाइन गेमचा इतिहास मला याच कराराचा इतिहास वाटतो. खेळाडू ज्याला ‘माझं कॅरॅक्टर’ म्हणतो, ते कागदावर त्याचं नसतंच.

सुरुवातीला हा प्रश्न कोणाला पडला नाही. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा गेम लिहिला. चित्र नाही, नुसती अक्षरं. टोपणनाव घ्यायचं आणि खेळायचं. बाजारभाव ठळक झाला तो 1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’बरोबर. महिनोन् महिने खपून तयार केलेली कॅरॅक्टरं खेळाडू ईबेवर लिलावात विकू लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 2001 मध्ये हिशेब मांडला, तर या गेममधल्या नॉराथ नावाच्या जगाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध निघालं! गेम चालवणाऱ्या सोनीच्या करारात मात्र अशा विक्रीला मनाई होती, आणि कंपनीच्या सांगण्यावरून ईबेने ते लिलाव काढून टाकले. घाम खेळाडूचा, सातबारा कंपनीचा.

वकील म्हणून मला सर्वांत रस वाटतो तो बीजिंगच्या खटल्यात. ‘रेड मून’ या गेममध्ये एका तरुणाने दोन वर्षं घालवली होती, सुमारे दहा हजार युआन ओतले होते. 2003 मध्ये कोणीतरी त्याची शस्त्रं पळवली. चोर कोण, हे त्याने कंपनीला विचारलं. उत्तर मिळालं: दुसऱ्या खेळाडूची खासगी माहिती देता येणार नाही. आणि शस्त्रांचं काय? तो तर नुसता डेटा, त्याला बाहेर किंमत नाही. म्हणजे चोराच्या नावाला संरक्षण, लुटल्या गेलेल्याच्या मालाला नाही. त्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने निकाल दिला की सर्व्हरच्या सुरक्षेतली त्रुटी कंपनीची, तेव्हा शस्त्रं परत द्या.

नेदरलँड्समधल्या लीवार्डन इथे 2007 मध्ये तर दोघा मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून ‘रुनस्केप’ या गेममधला ताईत आणि मुखवटा हिसकावला. हात लावता येत नाही ती वस्तू कशी, असा बचाव झाला. पण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1921 मध्येच वीजचोरीला चोरी ठरवलं होतं. त्याच वाटेने 2012 मध्ये निकाल आला: ज्यात वेळ आणि कष्ट घातले, ज्यावर मुलाचा प्रत्यक्ष ताबा होता, ते चोरीला जाऊ शकतं.

नावाची लढाई वेगळी झाली. 6 जुलै 2010 रोजी ब्लिझर्ड कंपनीने जाहीर केलं की ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चर्चामंचावर लिहिणाऱ्याचं खरं नाव दिसेल. शिवीगाळ थांबवणं हा उद्देश. खेळाडूंनी, विशेषतः बायकांनी, विचारलं: गेममध्ये हरलेला माणूस दारात येऊन उभा राहिला तर? विश्वास दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं, आणि लोकांनी बघता बघता त्याची खासगी माहिती शोधून काढली. 9 जुलैला कंपनीचे प्रमुख माइक मॉरहाइम यांनी माघार घेतली. तीन दिवसांत जे झालं, ते कोणत्या कलमाने नाही, एकीने झालं.

आपल्याकडे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. कारण दिलं ते भारतीयांच्या माहितीच्या सुरक्षिततेचं. जुलै 2021 मध्ये त्याच गेमची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली आणि जुन्या खात्यातली कमाई नव्यात नेण्याची सोय झाली. ती नेता आली, पण कंपनीने दार उघडलं म्हणून; हक्काने नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे. न्यायालयांनी खेळाडूला चोरापासून वाचवलं, कधी कंपनीच्या निष्काळजीपणापासूनही. पण कंपनीने स्वतःच खातं बंद केलं, तर बहुतेक ठिकाणी करारच बोलतो. म्हणून मुलाच्या फोनवर ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी निदान दोन कलमं वाचा: खातं बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि मुलाची माहिती कोणाकोणाला दिली जाणार आहे.