झाकणाच्या आतलं नाव

वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बडोद्यात, रावपुऱ्यात होतं. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, तिच्यामागे स्टूल आणि डोळ्याला भिंग. घड्याळ उघडलं की ते आधी यंत्राकडे पाहत नसत. मागचं झाकण उलटं करून त्याची आतली बाजू उजेडात धरत. तिथे केसासारख्या बारीक ओरखड्यांनी एखादं अक्षर, काही आकडे कोरलेले असत. आधीच्या कारागिराने हे घड्याळ कधी उघडलं, याची ती नोंद. काम झालं की वडीलही टोच्याने आडनावाचं पहिलं अक्षर आणि तारीख घालत आणि झाकण दाबून बसवत. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नसे. ते पुढच्या घड्याळजीसाठी असे.

हा रिवाज जगभरच्या घड्याळजींचा. अब्राहम लिंकन यांचं खिशातलं घड्याळ अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये ते दुरुस्तीला आलेलं असताना यादवी युद्धाची पहिली बातमी वॉशिंग्टनला पोचली. जोनाथन डिलन या कारागिराने घड्याळाच्या आत आपलं नाव, तारीख आणि ती बातमी कोरून ठेवली. त्याच्या वंशजांनी ही गोष्ट जपली. २००९ मध्ये संग्रहालयाने घड्याळ उघडलं, तेव्हा अक्षरं जागच्या जागी होती. एकशे अठ्ठेचाळीस वर्षं ती झाकणाआड टिकली.

मी घड्याळजी झालो नाही. १९९८ साली दांडिया बाजारात कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. कला भवन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. हाताने काम करणाऱ्याला शास्त्रही यावं, म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडून ही संस्था उभी करवली. दादासाहेब फाळके इथे शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कला भवनातून त्याची टेक्नॉलॉजी फॅकल्टी घडली. माझी पहिली गिऱ्हाइकं म्हणजे तिथलीच मुलं. प्रोजेक्टची तारीख जवळ आली की तिघे-चौघे मिळून पैसे जमवत आणि एक मशीन जोडून घेत.

माल मुंबईहून यायचा. डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्ग हे पाटीवरचं नाव, पण धंद्यात सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणत. रात्रीच्या बडोदा एक्सप्रेसने मी मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क मांडीवर घेऊन आणत असे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि या मालावरची जकात टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली. घराघरात असेंबल्ड मशीन शिरलं ते या वर्षांत.

असेंबल्ड मशीनला आईबाप नसत. मदरबोर्ड तैवानच्या कंपनीचा, हार्ड डिस्क दुसऱ्याची, रॅम तिसऱ्याची आणि कॅबिनेट, ज्याला सगळे सीपीयू म्हणत, त्याच्यावर कोणाचंच नाव नसे. मशीन बंद पडलं तर जायचं कुठे? ज्याने जोडलं त्याच्याकडे. मग त्याचा पत्ता मशीनवरच हवा. दुकानाचं स्टिकर आलं ते या गरजेतून. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पॉवरच्या बटणाखाली, दुकानाचं नाव आणि फोन नंबर. आत प्रत्येक भागावर वॉरंटीचं सील. त्याचा कागद मुद्दाम ठिसूळ असतो, सोलायला गेलं की तुकडे पडतात. त्यावर बारा महिने आणि तीन-चार वर्षं छापलेली. विकल्याच्या महिन्यावर पेनाने खूण केली की झाली आमची पावती.

स्टिकर निघू शकतं, म्हणून नाव विंडोजच्या पोटातही घालायची पद्धत पडली. तशी सोय मायक्रोसॉफ्टनेच ठेवली होती, मोठ्या कंपन्यांसाठी. मशीनबरोबर विंडोज विकणाऱ्या कंपनीनेच गिऱ्हाइकाच्या अडचणी निस्तराव्यात, म्हणून तिचं नाव-पत्ता दाखवायला एक जागा. नोटपॅडमध्ये ओईएमइन्फो नावाची चार ओळींची फाइल लिहायची, पेंटमध्ये १८० बाय ११४ ठिपक्यांचं चित्र काढून ओईएमलोगो या नावाने तिच्याशेजारी ठेवायचं. विंडोज ९८ मध्ये सिस्टम या फोल्डरात, एक्सपीत सिस्टम ३२ मध्ये. मग माय कॉम्प्युटरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की ‘मॅन्युफॅक्चर्ड अँड सपोर्टेड बाय’ या शब्दांखाली दांडिया बाजारातलं माझं दुकान! विंडोज ९८ ला देवनागरी येत नसे, म्हणून मराठी अक्षरं मी चित्रातच एकेक ठिपका भरून काढली होती. ते जमलं त्या रात्री वडिलांना दुकानात बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. पण हे गिऱ्हाइकासाठी की तुझ्यासाठी?” मी हसून विषय बदलला.

पुढे हात सैल सुटला. बाजारात स्पर्धा वाढली तसं नाव आतून बाहेर आलं. नवं विंडोज टाकलं की वॉलपेपर दुकानाचा, स्क्रीनसेव्हरमध्ये सरकणारा फोन नंबर, ब्राउझर उघडला की दुकानाची जाहिरात. सगळे करत होते, मीही केलं.

एक दिवस निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई सीपीयू रिक्षात घालून घेऊन आल्या. आदल्याच दिवशी मी तो दुरुस्त करून दिला होता. मशीन सुरू केलं तर पडद्यावर माझ्या दुकानाचं नाव. आधी तिथे त्यांच्या नातवाचा उष्टावणाचा फोटो होता. फाइल गेली नव्हती, दोन मिनिटांत फोटो जागेवर आला. त्या रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाळा, भांडं कल्हईला दिलं तर कल्हईवाला त्यावर आपलं नाव घालत नाही रे.”

आमच्या घरात पितळी पातेल्यांवर आजीचं नाव टिंबाटिंबांनी घातलेलं आहे. भांडं कोणाचं, कोणी कोणाला दिलं, कधी, एवढंच त्यावर असतं. कल्हई करणाऱ्या हातांशिवाय ते पातेलं ताक-चिंचेला निरुपयोगी, तरी त्या हातांनी कधी त्यावर हक्क सांगितला नाही. आणि वडिलांनी नाव घातलं ते झाकणाच्या आत. दोन्ही गोष्टी माझ्या घरातच होत्या, तरी त्या मला परक्या बाईंनी समजावून द्याव्या लागल्या.

त्यानंतर मी विचारल्याशिवाय कुणाच्या पडद्याला हात लावला नाही. इतरांची सीलं नीट पाहू लागलो तेव्हा नुकसानही दिसलं. हार्ड डिस्कच्या झाकणावर हवेसाठी बारीक छिद्र असतं आणि ते झाकू नका असं शेजारीच छापलेलं असतं. त्यावरच सील चिकटवलेल्या डिस्का माझ्याकडे आल्या आहेत. लॅपटॉपचे दिवस आल्यावर तर त्याच्या पोटाखालच्या कंपनीच्या क्रमांकावरच दुकानाचं स्टिकर बसू लागलं. वॉरंटीसाठी जो आकडा वाचायचा, तोच दिसेना. विंडोज ७ येईपर्यंत आमच्या नावाची जागा रजिस्ट्रीत गेली होती, लोगो चौरस झाला होता, पण लॅपटॉपला आईबाप होतेच. तिथे आमच्या नावाची गरज उरली नव्हती, फक्त सवय उरली होती.

नंबरही टिकले नाहीत. माझ्या पहिल्या स्टिकरवर सहा आकडी नंबर होता. त्याच्या आधी दोनाचा आकडा लागून तो सात आकडी झाला, मग लँडलाइन गेली, मोबाइल आला. प्रत्येक वेळी शेकडो मशीनवरचा पत्ता खोटा पडला.

मी वडिलांचा टोचा मागून घेतला. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याच्या आत, एका कोपऱ्यात, तेच आडनावाचं अक्षर आणि तारीख. फोन नंबर नाही. बिल आणि कार्ड हातात द्यायचं, ते ठेवायचं की फेकायचं हे गिऱ्हाईक ठरवेल.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर दुकानासमोर चिखलाने भरलेले सीपीयू येऊन पडले. त्यातला एक शहरातल्याच अकोटा भागातल्या एका गृहस्थांनी आणला. मशीन त्यांनी जुनंच विकत घेतलं होतं, कोणी जोडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचं स्टिकर भिजून लगदा झालं होतं, सीलांवरची शाई वाहून गेली होती. मी पत्रा काढून नळाखाली धरला. चिखल उतरला आणि कोपऱ्यात वडिलांचं अक्षर दिसलं. खाली २००७ ची तारीख, त्याखाली २०११ ची.

“काका, हे मीच जोडलंय,” मी म्हटलं.

ते पत्र्याकडे वाकून पाहू लागले. “म्हणजे आता तुम्हीच बघायचं,” ते म्हणाले.

हार्ड डिस्क वेगळी काढून ठेवली, मदरबोर्ड धुवून पंख्याखाली लावला. मग पत्रा पुसला, टोचा घेतला आणि दोन तारखांखाली तिसरी घातली.