दोन संगणकांचे घरगुती जाळे

घरातील दोन संगणक तारेने किंवा बिनतारी जोडून फायली व इंटरनेट सामाईक वापरण्याची रचना. तारेच्या जोडणीमागचे ईथरनेट तंत्र १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्मले. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज हे त्याचे जनक.

दोन संगणक थेट जोडताना एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या टोकाला मिळावी लागते. त्यासाठी जुन्या नेटवर्क कार्डांना क्रॉसओव्हर केबल लागे; तिच्यात १ व २ क्रमांकांच्या तारा दुसऱ्या टोकाला ३ व ६ च्या जागी जातात. आजची बहुतेक कार्डे ही अदलाबदल स्वतःच करतात, म्हणून साधी केबलही चालते.

इंटरनेट वाटून देण्याची सोय विंडोजमध्ये १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. इंटरनेट असलेला संगणक दुसऱ्याला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो, त्याची मागणी स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर त्याच्याकडे वळवतो. मात्र हा संगणक बंद केला की दुसऱ्याचेही इंटरनेट जाते. त्यामुळे स्वतंत्र राउटर केव्हाही बरा.

फायलींसाठी संपूर्ण ड्राइव्ह खुला करू नये. एखादाच फोल्डर, तोही पासवर्डसह, पुरेसा असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजच्या फाइल-सामाईकीकरणाच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीतून जगभर पसरला. ती आवृत्ती घरच्या संगणकावर बंदच ठेवावी.