बंदरापासून शेवटच्या थांब्यापर्यंत

कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगताना आपण अरबी गलबतांपासून सुरुवात करतो आणि तेथून एकदम मुंबईच्या मोहल्ल्यात उडी घेतो. मधला रस्ता कोणी लिहीत नाही. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत आपल्या गावांचे जे बरेवाईट झाले, ते त्या मधल्या रस्त्यानेच झाले.

बाणकोट, हर्णै, दाभोळ ही गावे आज नकाशाच्या कोपऱ्यात दिसतात. बहमनी आणि आदिलशाही काळात मात्र दाभोळ हे दख्खनचे दार होते. हजचे यात्रेकरू येथून जहाजात बसत. पुढे आगबोटी आल्या, तेव्हाही ही गावे पुढच्या रांगेतच राहिली. मुंबईहून सुटलेली बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जाई, बंदरासमोर खोल पाण्यात उभी राही, आणि बायकामुले, ट्रंका, बोचकी पडावातून किनाऱ्याला लागत. बोटीवरच्या खलाशांत आपली माणसे पुष्कळ असत. पावसाळ्याचे चार महिने मात्र समुद्र बंद, म्हणजे गावही बंद.

या मार्गाची किंमतही मोठी होती. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अमावास्येचा सुमार होता, शाबान संपत आला होता, रमजान दोन-तीन दिवसांवर होता. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या ऑगस्टच्या गडबडीत हे दुःख इतिहासाच्या पुस्तकांतून निसटले. किनाऱ्यावरच्या घरांतून ते निसटले नाही.

पुढच्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. हळूहळू ती कोकणातही शिरली. बोट बंदरापर्यंत आणत असे, एसटी मोहल्ल्याच्या तोंडाशी आणू लागली, आणि तीही भर पावसात. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल होण्यापूर्वी मुंबईहून पनवेलकडे जाणारा रस्ता ठाणे आणि मुंब्र्यावरून जात असे. ज्या मुंब्र्यात पुढे आपली हजारो कुटुंबे स्थायिक झाली, ते गाव आपल्या वडीलधाऱ्यांना आधी गाडीच्या खिडकीतून दिसले असणार!

पण महामार्गाने एक उलथापालथ केली, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. हा रस्ता महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण असा आतून गेला. 1998 मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांना तिचे स्टेशन मिळाले नाही. बोटी बंद पडल्यावर कालचे दार परसदार झाले. जेथे जहाज आधी लागत असे, तेथे एसटी शेवटी पोहोचते.

तरीही एसटीचे ऋण मोठे आहे. आखातातून आलेल्या पैशाने घरे बांधली, मशिदी नव्या झाल्या. मुलगी सातवीच्या पुढे शिकली ती मात्र पासावर, तालुक्याच्या गाडीने. घरी गाडी असली तरी ती पुरुषांच्या सोयीने निघे. एसटीला वेळापत्रक होते, ओळखीचा कंडक्टर होता, म्हणून आई निर्धास्त असे. रात्री गावात मुक्कामाला राहणारी आणि पहाटे निघणारी वस्तीची गाडी म्हणजे दवाखान्याची गाडी, कोर्टाची गाडी, पासपोर्टसाठी मुंबईला निघालेल्या पोराची पहिली गाडी. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप चालला, तेव्हा ज्यांच्या दारात मोटार नव्हती त्यांनाच तो खऱ्या अर्थाने कळला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा पूल वाहून गेला, त्यात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या गेल्या.

किनाऱ्याचा विचार करणारा मुख्यमंत्री एकदाच झाला, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग ही त्यांची कल्पना. 1980 ते 1982 एवढाच काळ त्यांना मिळाला, आणि 2014 मध्ये ते गेले तेव्हाही मोठ्या खाड्यांवरचे पूल व्हायचेच होते. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. मोटारी बोटीवर चढू लागल्या आणि खाडी ओलांडण्यासाठीचा लांबचा वळसा वाचला.

आंबेत-म्हाप्रळ पूल मात्र झाला होता. रायगड आणि रत्नागिरीतले सोयरे त्याने एका तासाच्या अंतरावर आणले. 2022 मध्ये तोही दुरुस्तीसाठी बंद राहिला, आणि सावित्रीच्या दोन्ही काठांवरचे लोक पुन्हा फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर उभे राहिले.