पाण्याची टाकी कशी घडते? रोटेशनल मोल्डिंगची ओळख

देशातील शहरांत आणि खेड्यांत घरांच्या गच्चीवर दिसणारी प्लास्टिकची पाण्याची टाकी तळापासून माथ्यापर्यंत एकसंध असते. तिचे भाग वेगवेगळे करून जोडलेले नसतात. अशा मोठ्या, पोकळ वस्तू ज्या पद्धतीने तयार होतात तिला 'रोटेशनल मोल्डिंग' किंवा थोडक्यात 'रोटोमोल्डिंग' म्हणतात. रसायने साठविण्याची पिंपे, रस्त्यावरील दुभाजक, बागेतील घसरगुंड्या, मासळी बर्फात ठेवण्याच्या पेट्या आणि कयाक जातीच्या होड्याही याच पद्धतीने घडविल्या जातात.

दाबाविना घडण

प्लास्टिकच्या बादल्या किंवा खुर्च्या तयार करताना वितळलेले प्लास्टिक प्रचंड दाबाने साच्यात भरले जाते. तो दाब सोसण्यासाठी साचा जाड पोलादाचा आणि अतिशय महागडा असावा लागतो. बाटल्यांच्या बाबतीत मऊ प्लास्टिकमध्ये हवा फुंकून ते साच्याच्या भिंतीला चिकटविले जाते. रोटोमोल्डिंगमध्ये असा दाब वापरला जात नाही. त्यामुळे पातळ पोलादी पत्र्याचा किंवा ओतीव ॲल्युमिनियमचा साचा पुरतो. आकाराने मोठ्या, परंतु संख्येने थोड्या वस्तू तयार करावयाच्या असतील तर ही पद्धत परवडते ती यामुळेच.

साचा फिरतो म्हणून प्लास्टिक बाहेरच्या दिशेने फेकले जाऊन भिंतीला चिकटत असावे, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. साचा मिनिटाला साधारणपणे ४ ते २० फेरे एवढ्या संथ गतीने फिरतो. भुकटी गुरुत्वाकर्षणामुळे सतत तळाशीच राहते आणि साच्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने तिच्याखाली येतो.

प्रक्रियेचे चार टप्पे

पहिल्या टप्प्यात साच्यात मोजून भुकटी भरतात. ही भुकटी बहुधा पॉलिएथिलीनची असते. कारखान्यातून येणारे प्लास्टिकचे दाणे दळून साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बारीक केले जातात. किती भुकटी घातली यावरच भिंतीची जाडी ठरते.

दुसऱ्या टप्प्यात बंद साचा परस्परांना काटकोनात असलेल्या दोन आसांभोवती फिरवत भट्टीत तापवितात. भट्टीतील हवा सुमारे २५० ते ३५० अंश सेल्सिअस असते. पॉलिएथिलीन १२० ते १३० अंशांच्या आसपास वितळू लागते. तापलेल्या भिंतीला प्रथम कणांचा एक थर चिकटतो, मग त्यावर दुसरा, आणि अखेरीस सर्व भुकटी भिंतीवर बसते. या वेळी कणांमधील हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेली असते. तापमान आणखी वाढल्यावर ती हवा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये विरघळते आणि भिंत भरीव व गुळगुळीत होते.

तिसरा टप्पा थंड करण्याचा. पंख्याची हवा किंवा पाण्याचा फवारा साच्यावर सोडला जातो, मात्र फिरणे थांबत नाही. अन्यथा मऊ प्लास्टिक ओघळून खाली साचेल. थंड होताना पॉलिएथिलीन आकसते आणि साच्यापासून सुटते. चौथ्या टप्प्यात साचा उघडून वस्तू बाहेर काढतात व तिच्या कडा साफ करतात. साच्याला हवा जाण्या-येण्यासाठी एक बारीक नळी ठेवलेली असते. ती बुजली तर तापताना आतील दाब वाढतो आणि थंड होताना निर्वात पोकळी होऊन भिंत आत ओढली जाते.

चॉकलेटपासून टाकीपर्यंत

दोन आसांभोवती फिरविणे आणि तापविणे ही कल्पना प्लास्टिकहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८५५ साली आर. पीटर्स यांनी तोफगोळ्यांसारख्या धातूच्या पोकळ वस्तूंसाठी तिचे पेटंट घेतले होते. पुढे १९१० च्या सुमारास चॉकलेटची पोकळ अंडी याच तत्त्वावर तयार होऊ लागली. १९४० आणि १९५० च्या दशकांत बाहुल्यांची मऊ डोकी घडविण्यासाठी तिचा वापर झाला. पॉलिएथिलीनची भुकटी उपलब्ध झाल्यावर मात्र या उद्योगाचे स्वरूपच पालटले. भारतात गुजरातमधील कलोल येथून १९७५ साली सिंटेक्सने प्लास्टिकच्या टाक्या बाजारात आणल्या. पत्र्याच्या टाकीला गंज चढतो, सिमेंटची टाकी जड असते; या दोन्ही अडचणी नव्या टाकीत नव्हत्या.

भारतातील अनेक कारखान्यांत बंद भट्टीऐवजी 'रॉक अँड रोल' यंत्र वापरले जाते. त्यात साचा एका आसाभोवती पूर्ण फिरतो, दुसऱ्या दिशेने पाळण्यासारखा झुलतो आणि खालून गॅसच्या ज्वाळा त्याला तापवितात. यंत्र स्वस्त पडते. परंतु उष्णता नेमकी राखण्याचा भार बराचसा कामगाराच्या अनुभवावर येतो.

गुणवत्ता कशावर ठरते?

उष्णता कमी पडली तर भिंतीत बुडबुडे व सूक्ष्म छिद्रे राहतात आणि टाकी धक्क्याने तडकते. उष्णता अधिक झाली तर प्लास्टिकचे रेणू तुटू लागतात, त्याला करपट वास येतो आणि ते ठिसूळ होते. दोन्ही दोष बाहेरून सहज दिसत नाहीत; पाण्याने भरलेली टाकी छतावर असताना ते उघड होतात.

टाकीचा काळा रंगही केवळ शोभेसाठी नसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पॉलिएथिलीनला कमकुवत करतात. त्यात मिसळलेला सुमारे अडीच टक्के काजळीसारखा कार्बन ते किरण शोषून घेतो. शिवाय उजेड आत शिरत नसल्याने शेवाळ वाढत नाही. आतून पांढऱ्या टाकीसाठी बाहेरचा थर वितळल्यावर साच्यात पांढरी भुकटी घालतात. त्यामुळे आतील मळ लगेच लक्षात येतो.

या टाक्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १२७०१' हे मानक आहे. जुने प्लास्टिक पुन्हा वितळविता येते. तथापि वारंवार तापलेल्या आणि मूळ वापर अज्ञात असलेल्या प्लास्टिकची टाकी पिण्याच्या पाण्यासाठी योग्य नव्हे. खरेदी करताना मानकचिन्ह पाहावे, आतील भिंत गुळगुळीत आहे का ते तपासावे आणि झाकण लावल्यावर आत उजेड झिरपत नाही याची खात्री करावी. बसविताना संपूर्ण तळाला सपाट आधार मिळणेही तितकेच आवश्यक आहे. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते, आणि तेवढा भार ही भिंत अहोरात्र पेलत असते.